दारातली विहीण

माझी विहीण म्हणजे तुझ्या मावशीची सासू. बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती, पण तोरा असा की दवाखाना जणू तिच्या बापाचा. लिही, तसंच लिही, मी काही भीत नाही कुणाला.

खाटा पुसायच्या, बायकांना धरून उठवायचं, हे तिचं काम. ते चोख करायची, खोटं कशाला बोलू. पण दाराची कडी तिच्या हातात होती ना! आत लेक कळांनी ओरडतेय, बाहेर आई रडतेय, आणि ही मधे उभी. "आम्ही नाही का भिंतीकडे बघत बाळंत झालो? व्हा बाजूला!" तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात जवळ कुणी नव्हतं, वर ओरडली म्हणून थोबाडीत खाल्ली होती. म्हणून काय साऱ्या जगावर सूड उगवायचा?

मग दोन पोरी आल्या, दवाखान्याचा अभ्यास करायला. बाळंतिणींना विचारायच्या, जवळ कोण होतं, कोण खेकसलं, पाणी मागितलं तर मिळालं का. असं बऱ्याच दवाखान्यांत विचारलं म्हणे. जिथे घरची बाई जवळ होती, तिथे बायका कमी घाबरल्या, कमी अडल्या. विहिणीलाही विचारलं. ती फणकारली, "अख्खा गोतावळा आत घुसतो, शेजारच्या खाटेवरचीची अब्रू उघडी पडते." पोरींनी तेही धरलं. पुढे वरून हुकूम आला: प्रत्येक खाटेला पडदा लावा, आणि बाई सांगेल ती एकच सोबतीण आत घ्या.

हुकूम यायच्या आधी तुझ्या मावशीचं पहिलं मूल त्याच खोलीत गेलं. एकटी होती गं बिचारी. दुसऱ्या खेपेला वाटेतच म्हणाली, "आई, तू आत नसलीस तर मी नाही वाचत." दाराशी पोचलो, विहिणीने तिला आत ओढलं नि माझ्या तोंडावर कडी घातली.

"विहीणबाई, आता नियम आहे!"

"आहे ना. एकच बाई. ती मी. सुनेला सासू परकी का?"

"अहो, तुम्ही कामावर आहात!"

"मग तर दुप्पट सोय."

मी दार असं बडवलं की मोठ्या सिस्टर धावत आल्या. विहिणीला बाजूला सारून त्यांनी तुझ्या मावशीलाच विचारलं, "कोण हवंय तुला?"

मावशी दात आवळून म्हणाली, "कुणीही आणा. फक्त ह्या नकोत."

विहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. मला दया आली म्हणतेस? छे! काळीज गार झालं माझं.

मी स्टुलावर बसले. मावशीने माझं मनगट पिळून काढलं, पण सोडलं नाही. पोरगी झाली, खणखणीत रडली. विहीण फरशी पुसायला आली, मान उंचावून बघितलंन. "नाक आमच्याकडचं आहे."

"नाक असू दे. जीभ नाही आली म्हणजे मिळवली."

तिने बादली आपटली नि गेली. दारातून तिचा आवाज आला, "एकच! कोण ते तिला विचारून ठरवा, आणि माझ्या ओल्या फरशीवर नाचू नका!"