काळ्या-पिवळ्या जीपची शिडी

दवाखान्यात न्यायला गाडी दारात उभी होती, अन् हे मला काय सांगत होते, तर ‘जीपवर फडकं टाक, धूळ बसंल.’ मला वाटलं, आता तरी दोन शब्द माझ्या वाट्याला येतील... पण ते फडक्याचंच शेवटचं बोलणं ठरलं. ह्यांना जाऊन दीड महिना होत आला, तरी माझी आग काही थंड होत नाही.

जीप म्हणजे खरी नव्हे, वीतभर लांबीची. ह्यांचा सारा जन्म कळंब-धाराशिव काळी-पिवळी चालवण्यात गेला. गुडघे गेल्यावर घरी बसले, म्हणून लेकानं पुण्याहून जोडायची प्लास्टिकची जीप आणून दिली. जोडून झाली अन् ह्यांनी नाक मुरडलं. ‘ही कसली जीप? टपावर कॅरियर न्हाय, मागं शिडी न्हाय. माणसं लटकणार कुठं?’ मग प्लास्टिकचे आरसे, कड्या उपटून टाकल्या अन् एकेक भाग धातूचा करायला बसले. बोअरच्या जळालेल्या मोटारीची तांब्याची तार कॅरियरला, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा आरशांना, दाराच्या बिजागरीत माझ्या टाचण्या. दिवसभर कानस चालायची, घरात कथील वितळवून डाग दिल्याचा वास, अन् मी चहा घेऊन उभी. सवत असती तर निदान भांडता तरी आलं असतं. हिच्याशी काय भांडणार? एकदा भाचीच्या लग्नाला निघताना नवी इरकल नेसून मुद्दाम समोर जाऊन उभी राहिले. म्हटलं, ‘अहो, बघा तरी.’ चष्मा वर करून बघितलं खरं. म्हणाले, ‘व्हय गं, तुला बी डावा आरसा झुकल्यागत वाटतो का?’ लग्नात मी कुणाशी धड बोलले नाही.

परवा तेर गावचे सलीमभाई भेटायला आले. ह्यांच्यासारखेच छोट्या गाड्यांचे नादी. शिडीची एक पायरी लावायची राहिली होती, ती बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, ‘भाभी, दादांनी फोनवर मला समदं सांगितलंय, तार किती जाड घ्यायची, डाग कुठं द्यायचा. घेऊन जातो, पुरी करून आणतो.’ माणूस लई चांगला. पण ह्यांनी त्यांना फोनवर सांगितलं, अन् एवढ्या संसारात मला कधी तारेची जाडी सांगितली नाही. मी ती ऐकली असती का, हा भाग वेगळा. ‘राहू द्या भाऊ,’ म्हटलं, ‘घरातलं काम हाय, घरातच होईल.’

ते गेल्यावर मीच त्या टेबलाशी बसले. बोट भाजलं, तार निसटली, परत धरली. शेवटी पायरी बसली, पण चांगलीच तिरकी. काढून पुन्हा लावावी म्हणून चिमटा उचलला... अन् खाली ठेवला. राहू दे तशीच. हे असते तर साऱ्या जीपमध्ये आधी तिच्यावरच नजर गेली असती, अन् मान वर करून विचारलं असतं, ही कुणी लावली.