टर्कीची अळणी

टर्की मी आयुष्यात कधी शिजवली नव्हती. घरात हे कुणाला बोलून दाखवलं नाही. कोंबडीची थोरली बहीण, त्यात काय एवढं, असं म्हणून मोकळा झालो. गडमुडशिंगीत आमच्या भावकीची जत्रा असली की मटणाच्या पातेल्यापाशी मीच उभा. चौथीतनं शाळा सोडलेला माणूस, पण मिठाचा अंदाज माझा चुकलेला नाही, आणि चुकला असेल तर तसं म्हणायची कुणाची छाती झालेली नाही. अशा माणसानं नाताळाच्या दिवशी घरामागच्या परड्यात दगडावर बसून एका पाखरापायी देवाचा धावा करावा, हे माझं मलाच खरं वाटत नव्हतं.

भीती होती ती माझ्या नातीची.

थोरल्या पोराची ही एकुलती एक लेक. पुण्यात कंपनीत नोकरीला. तिथंच तिनं एक मुलगा बघितला. मुलगा मिरजेचा, ख्रिस्ती. तिनं घरात सांगितलं त्या दिवशी तिचे आईबाप माझ्या तोंडाकडं बघत बसले आणि मी न्हाय म्हणालो. एकदा न्हाय म्हटलं की मला ते परत घेता येत नाही, खोडच तशी. वरीसभर घरात तेच. ती सुट्टीला यायची, पाया पडायची, आजीशी तासतासभर बोलत बसायची. माझ्याशी कामापुरतं.

आमच्याकडं मटण कुठलंही असू दे, आधी हळद, मीठ, आलं-लसूण लावून पाण्यात शिजवायचं आणि ते पिवळं पाणी, म्हणजे अळणी, बाजूला काढायची. तिखट-मसाला त्याच्या मागनं. आणि अळणीची पहिली वाटी घरातल्या सगळ्यात धाकट्याची. नातीला दात यायच्या आधीपासून ती वाटी तिची. शिकली, पुण्याला गेली, तरी जत्रेला आली की चुलीपाशी येऊन वाटी पुढं करायची. त्या वर्षीच्या जत्रेला तिनं केली नाही. मी आपला भरून ठेवली. ती रात्रीपर्यंत कट्ट्यावर तशीच. वर चरबीचा पांढरा थर धरला होता. तो थर बघितला आणि माझा न्हाय आतनं हलला. पण हे कुणाला सांगणार, आणि कशाला सांगणार?

मग मी माझ्या रीतीनं वाट काढली. नाताळला मुलाला आणि त्याच्या आईला आपल्याकडं जेवायला बोलवा म्हणालो. वडील वारलेले, घरात ती दोघंच. त्यांच्याकडं नाताळला काय करतात म्हणून विचारलं, तर टर्की. मुलाचा पणजोबा मिरजेत एका गोऱ्या डॉक्टरच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होता, तिथनं ही रीत घरात शिरलेली. अख्खं पाखरू भाजायचं, मधोमध ठेवायचं, घरातल्या कर्त्यानं कापायचं. वडील गेल्यापासून त्या घरात टर्की झालीच नव्हती. मी म्हणालो, मग मी करतो.

नात म्हणाली, हॉटेलातनं मागवू. पावण्यांच्या ताटात हॉटेलातलं घालायला मी मेलोय काय, असं मी विचारलं.  थोरला उठून गोठ्याकडं गेला, सून भांडी लावायला लागली. तेव्हा नात माझ्यापाशी आली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आबा, मुद्दाम बिघडवायचं असंल तर आत्ताच सांगा. मी त्यास्नी येऊ नका म्हणून सांगते."

  ते वाक्य डोक्यातनं जाईना. पाखरू करपलं, कच्चं राहिलं, कोरडं झालं, कायबी झालं तरी ही पोरगी म्हणणार, आबानं मुद्दाम केलं. मग लग्न होईल, पोरं होतील, पण ह्या घराचा उंबरा ती पुन्हा चढायची नाही. मला हे ठाऊक होतं, कारण तिच्या जागी मी असतो तर चढलो नसतो.

उचगावात एकानं शेडात बदकांबरोबर टर्क्या पाळल्यात. त्याच्याकडनं एक दांडगा नर घेतला. पैसे घेता घेता तो म्हणाला, "छातीकडं ध्यान ठेवा पावणं. ती लगेच कोरडी पडती, आणि पाय शिजता शिजत न्हाईत." मी त्याला म्हणालो, तू विकायचं बघ. घरी आणून गोठ्यात बांधलं. निळं-लाल तोंड, नाकावरनं लोंबणारी ती सोंड, आणि एकसारखी गुडगुड. म्हशीनं त्या सांजेला पान्हा चोरला. पावणी यायच्या आधीच ह्यानं घर ताब्यात घेतलं, असं बायको म्हणाली. सगळी हसली. मीपण हसलो, पण माझं ध्यान त्याच्या छातीकडं होतं.

त्यात आणखी एक. मुलाच्या आईचं पोट नाजूक, तिखट बंद. नातीनं फोनवर दोनदा बजावलं. म्हणजे कांदा-लसूण चटणी गेली, मसाला गेला. ज्याच्यावर माझं नाव झालं ते सगळंच गेलं. राहिलं काय तर मीठ, लसूण, मिरी, लिंबू आणि घरच्या म्हशीचं लोणी. ठरलं असं, की लोणी कातड्याखाली भरायचं आणि जत्रेच्या तांब्याच्या पातेल्यात खाली-वर निखारे देऊन पाखरू भाजायचं. आदल्या दिवशी कापून, पिसं काढून, मीठ चोळून फ्रिजमध्ये ठेवलं. त्याच्यापायी सुनेला दुधाची पातेली बाहेर काढावी लागली.

नाताळाच्या सकाळी परड्यात तीन दगड मांडून जाळ केला. पातेलं चढवलं. हात कामाला लागले आणि डोकं दुसरीकडं गेलं. त्या बाईशी काय बोलायचं? या म्हणायचं, की बसा म्हणायचं? वरीसभर न्हाय म्हणत होतो हे तिला ठाऊक असणारच. तिनं विचारलं तर? ह्या विचारात मी पाणी ओतलं, हळद टाकली, आलं-लसूण ठेचून टाकलं, पाखरू आत सोडलं. उकळी आली. वरचा फेस काढला. चांगला वास सुटला. वाटी घेतली, पहिली अळणी काढली, वर ताटली झाकली आणि कट्ट्यावर ठेवली. आणखी जाळ सारला. मनाला कुठं काही खटकलं नाही. जन्मभर असंच केलेलं.

बायको लोण्याचा गोळा घेऊन आली. पातेल्यात वाकून बघितलं आणि तशीच उभी राहिली.

"अवं," ती म्हणाली, "ही भाजायची हुती न्हवं?"

माझ्या हातातनं पळी सुटली ती पातेल्यातच गेली.  पाखरू बाहेर काढलं. कातडं पांढरंफटक, हळदीनं पिवळं झालेलं, छातीवर उकललेलं. त्याची सगळी चव पाण्यात उतरलेली. छातीच्या टोकाचा एक तुकडा तोडून तोंडात टाकला. चावला, चावला, गिळवेना. धुतलेल्या धोतराचा काठ चावावा तसा. मांडीत सुरी घातली तर आत लाल. म्हणजे पाय कच्चे आणि छाती आताच चिंधी. पाय शिजवावेत तर छातीचा भुसा होणार. छाती जपावी तर कच्च्या पायानं त्या बाईचं आधीच नाजूक पोट बिघडणार, आणि मग तर बोलायलाच नको. विष घातलं म्हणतील.

बायको म्हणाली, "पोरीला आत्ताच फोन लावा. हे असं असं झालं म्हणून सांगा. मागनं सांगितलंसा तर कोण खरं मानंल?"

मी म्हणालो, तू गप. कुणाला कळू द्यायचं नाही. ती लोणी तिथंच ठेवून निघून गेली. खरं सांगायचं तर तेव्हा ती परत यावी असं मला फार वाटत होतं.

पाणी होतं ते सगळं जाळावर आटवलं. आटवत आटवत बोटाला चिकटेल इतकं घट्ट केलं. पाखरानं जे पाण्याला दिलं होतं ते त्याला परत पाजायचं, दुसरा इलाज दिसत नव्हता. कातड्याखाली बोटं घालून लोणी भरलं. पाखरू पालथं घातलं, छाती खाली त्या घट्ट अळणीत आणि पाय वर झाकणाकडं. झाकणावर निखारे रचले की पायांना आच लागेल आणि छाती रसात राहील, एवढंच माझं गणित. झाकणाची कड कणकेनं लिंपली. लिंपून झाल्यावर ध्यानात आलं, की आता आत काय चाललंय ते उघडल्याशिवाय कळायचं नाही, आणि उघडायचं ते पावण्यांच्या समोरच.

मग मी दगडावर बसलो. कान पातेल्याला लावून ऐकायचो, भाजला की मागं व्हायचो. आत बुडबुड चालू असली की वाटायचं, छाती उकडून चालली. बुडबुड थांबली की वाटायचं, रस आटला, करपलं. निखारे काढावेत वाटलं की पाय आठवायचे, घालावेत म्हटलं की छाती. तंबाखू मळली आणि तोंडात टाकायची तशीच हातात राहिली. रानात विहिरीचा काठ ढासळला तेव्हा मी आत उतरलेला होतो, पण त्या वेळीसुद्धा मी असा देवाचा धावा केला नव्हता.

गाडी आली, नात दोघांना घेऊन उतरली. मुलगा वाकून पाया पडला, मी डोक्यावर हात ठेवला, काय बोललो आठवत नाही. त्याची आई किडकिडीत, साधी सुती साडी, हातात करंज्यांचा डबा. घरात न बसता ती सरळ परड्यातच आली. पाट घेऊन माझ्या शेजारी बसली. म्हणाली, आमचे हेसुद्धा असेच भट्टीपाशी बसायचे, कुणाला जवळ येऊ द्यायचे नाहीत. मग ती पातेल्याकडं बघत राहिली. ती काही वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. नात मागच्या दारात चौकटीला टेकून उभी होती. माझ्याकडंच बघत होती.

कणीक सुरीनं उकलली, झाकण काढलं. वाफ डोळ्यांवर आली. मोठ्या ताटात पाखरू उलथं केलं. पाठ आणि पाय तांबूस, चांगले भाजलेले. पण छाती पिवळी, कातडं फाटलेलं, एका कडेला मांसाचे दोरे सुटलेले. झाकायला काही जागाच नव्हती.

"पिवळी कशी झाली, आबा?" मुलाच्या आईनं विचारलं. तिच्या विचारण्यात काही खोच नव्हती.

आमची रीत हाय म्हणून सांगावं, हे तोंडापर्यंत आलं होतं. नातीकडं बघितलं आणि ते तिथंच राहिलं.

"चुकलं, ताई," मी म्हणालो. "भाजायच्या आदी मी तिची अळणी काढली. ध्यानातच आलं न्हाय."

चुकलं हा शब्द त्या परड्यात माझ्या तोंडनं कुणी ऐकलेला नव्हता. बायको दारात येऊन थांबली. आणि बोलून झाल्यावर मला कळलं, की हे खोट्यासारखंच ऐकू येतंय. जन्मभर मटण शिजवलेला माणूस म्हणतो, भाजायचं विसरलो. कोण मानणार? नातीच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. मी मान खाली घातली.

ती चौकट सोडून पुढं आली. मला वाटलं, आता बोलणार, पावण्यांसमोर बोलणार. ती माझ्या शेजारनं कट्ट्याकडं गेली. ताटली उचलली. सकाळची वाटी. तिच्यासाठी काढलेली, मी ती साफ विसरून गेलो होतो. वाटी गार पडलेली, वर पांढरा थर. तिनं त्याच्यावर बोट टेकवलं. थर घट्ट होता, दाबला तेव्हा तुटला. बोट तसंच ठेवून तिनं माझ्याकडं बघितलं; मुद्दाम बिघडवणारा माणूस तिची वाटी आधी भरून ठेवत नाही, हे तिला तिथं कळलं असावं. मग वाटी तोंडाला लावली आणि ती गार अळणी थरासकट उभ्या उभ्या पिऊन टाकली.

मुलाच्या आईनं सुरी माझ्या हातात दिली. कर्त्यानं कापायची म्हणाली. मी कापली. हाडाजवळ छाती ओली निघाली, कडेला कोरडी. पाय पुरते शिजले होते. ती बाई खोटं गोड बोलणारी नव्हती, कडेचं कोरडं झालंय म्हणून तिनं सांगितलं, पायाचं मांस मात्र मागून घेतलं आणि सावकाश खाल्लं. मुलगा खात होता. चांगला खात होता.

कडेचे ते दोरे मी ताटाच्या खालच्या अंगाला सारून ठेवले होते. नातीनं हात घालून नेमका त्यातलाच एक उचलला. ती चावत होती आणि मी तिच्या गळ्याकडं बघत होतो. फार वेळ चावत होती. गिळलं एकदाचं.

"आबा, कोरडं हाय की हे," ती म्हणाली आणि तीच वाटी माझ्या पुढं केली. "अळणी घाला."

पातेलं अजून निखाऱ्यावरच होतं, तळाला राहिलेला रस मी पळीनं घेतला. पळी काठोकाठ भरलेली. थोडा वाटीत पडला, थोडा तिच्या मनगटावर सांडला. रस कढत होता. तिनं हात मागं घेतला नाही.