देवीच्या डोणीतलं पाणी

"आरं, त्या गोऱ्या पोराला पाठीवर घर घिऊन चालता येतंय, मग मला काय लकवा मारलाय?"

"त्यो ऐन तिशीतला हुता, बा. तू सत्तरीला टेकलास. खाटंवरनं उठताना दोनदा देवाचं नाव घेतोस."

"तीनदा घेतो! देवाचं नाव घ्यायला तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माझा बाप तूच हायस."

"म्हनूनच इचारतोय!"

आमच्या रतासरच्या वाळूत खंगार राईका आणि त्याचा लेक वेला असे उभे तंडत होते. बाकीचा गाव बाजांवर बसून बघत होता. भांडण काजळीवरून. काजळी म्हणजे खंगारची शेवटची सांडणी. वेलाची जीप आहे, तो पाहुण्यांना टेकड्या दाखवत हिंडतो. त्यातलाच एक गोरा पोरगा परवा जीप सोडून, पाठीवर पिशवी टाकून वाळूतनं पायी गेला होता. त्याचं म्हणणं, म्हातारा थकला, सांडणीला चारायला कोण नेणार? नागौरच्या बाजारात देऊन टाकू.

खंगारनं तिथंच पैज मारली. फलोदीच्या मिठागरापर्यंत जुन्या कतारीच्या, उंटांच्या तांड्याच्या वाटेनं, उंटाविना, एकट्यानं, पाठीवर पिशवी टाकून चालत जाईन. कुणाची मदत घेतली तर काजळी तुझी. पोचलो तर मी मरेपर्यंत तिच्या शेपटाला हात लावायचा नाही.

"कबूल," वेला म्हणाला. "मी जीप घिऊन मिठागरावर बसतो. वाटंत बसलास तर निरोप धाड, उचलून नेतो."

"उचलायला मी काय बाजरीचं पोतं हाय?"

खंगार हा असला प्राणी. वय विचारलं तर सांगायचा, "मोठ्या दुष्काळात मी बकरीला लाथ मारन्याइतका हुतो." पागोटं एवढं मोठं की सावलीला दोन कोकरं बसावीत. खोटं बोलायचा, पण मनापासून. एकदा व्याह्याच्या मांडवात उंट नाचवायला गेला आणि मांडव डोक्यावर घेऊन बाहेर आला; तरी आजही सांगतो की मांडवच कच्चा होता. त्याचा बाप कतारीवाला. उंटांची रांग घेऊन मीठ आणायचा, धान्य न्यायचा. त्याच वाटेवर खंगारचं बालपण उंटाच्या पाठीवर हिंदकळत गेलं. त्यामुळं वाट त्याला झोपेत ठाऊक.

वाट ठाऊक, पण एक गोष्ट तो विसरला. कतारीवाले जिथं मुक्काम करत तिथंच सोयरीक जमवत. तीन पिढ्या रतासरच्या लेकी त्याच वाटेवरच्या गावांत दिलेल्या. आणि लेकीच्या गावचं पाणी बापानं प्यायचं नाही. गावची लेक ती सगळ्यांची लेक, मग सगळ्यांनाच बंदी. पाण्याचं मोल म्हणून रुपाया ठेवून घोट घेणारे आहेत, पण खंगार त्यांचं नाव निघालं की थुंकतो. पूर्वी काही अडत नव्हतं, पाण्याची पखाल उंटाच्या पाठीवर असायची. आता ती खंगारच्या पाठीवर आली.

गोऱ्या पोरानं जाताना टाकून दिलेली पिशवी खंगारच्या बायकोनं, गवरीनं, शिवून दिली. "जातोयस तर जा," ती म्हणाली. "पन मेलास तर रस्त्याच्या कडंला मर. मला सापडायला पायजे." पिशवीत बाजरीचे रोटले, लाल मिरचीची चटणी, कांदे, विड्या आणि पाण्याचा मोठा प्लॅस्टिकचा कॅन. फाल्गुनातलं ऊन. म्हातारा गाणं म्हणत निघाला, आणि रुबाबात पहिल्याच दिवशी निम्मा कॅन रिकामा केला.

पहिल्या गावाच्या विहिरीवर रतासरच्या चार लेकी उभ्या. घुंगटातूनच त्यांनी ओळखलं.

"खंगारकाका! पाठीला कुबड कधी आलं वं?"

"उंट इकून सोताच उंट झालाय वाटतं!"

"काका, ताक पिता? गार हाय. मडक्याला घाम सुटलाय बघा."

"सटव्यांनो, माझी परीक्षा बघता व्हय?" म्हणत म्हातारा तोंड फिरवून पळाला. मागून हसण्याचा फवारा. दुसऱ्या गावातही तेच. तिथल्या एकीनं तर मुद्दाम घागर ओतून पाय धुतले, बराच वेळ.

त्या रात्री पिशवी केर नावाच्या काटेरी झुडपाला टेकवून तो झोपला. सकाळी बघतो तर काटा कॅनमध्ये घुसलेला. पाणी सगळं रोटल्यांनी प्यालेलं. खंगारनं वाळूला, काट्याला आणि गोऱ्या पोराच्या आईला शिव्या घातल्या आणि रोटले पिळून जेवढं निघेल तेवढं चाटून घेतलं. चटणीसकट. त्यानं तहान वाढलीच.

दुपारी कसाबसा पुढच्या गावाच्या शिवेवर आला. गाव त्याच्या सख्ख्या लेकीचं, हंजाचं. ती डोक्यावर घागर घेऊन येत होती. बापाला बघून थांबली. पैजेची बातमी तिला आधीच लागली होती.

"बा? त्वांड बघितलंस का? काजळीच्या टाचंवानी भेगाळलंय."

"बरा हाय मी."

"जीभ भाईर आलीया."

"वारं खातोय."

"पानी पी."

"मरंन, पन लेकीच्या गावचं पानी न्हाई घेनार."

"मर की. पन शिवंच्या पल्याड जाऊन मर. हितं मेलास तर शेवटचं पानी तोंडात मलाच घालावं लागंल."

खंगारनं पागोटं कपाळावर ओढलं.  ती वेलाची जीप बोलवू का म्हणाली, तेव्हा मात्र तो दगड उचलून धावला. दोन पावलं धावला आणि खाली बसला.

"सांडनीपायी जीव देतोस?"

"ती गेली तर सकाळी उठू कशाला गं? जीप धुवायला?"

हंजा घागर सावरून शिवेबाहेर चालायला लागली. म्हातारा खुरडत मागं. तिथं देवीचं ओरण, राखीव रान आहे. त्या रानातली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही. ती जमीन ना या गावची, ना त्या गावची, फक्त देवीची. मध्ये जनावरांसाठी दगडी डोण, उन्हानं कोरडी पडलेली. हंजानं बापाकडं पाठ केली, अख्खी घागर डोणीत ओतली आणि मोठ्यानं म्हणाली, "आई, तुझं पानी, तुझ्या जनावरास्नी. कुनी का पिईना."

आणि रिकामी घागर कमरेला लावून निघून गेली.

खंगारनं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. एक शेळी आधीच पोचली होती. तिच्या शेजारी तो चार पायांवर उतरला आणि पागोट्यासकट डोणीत तोंड घातलं. शेळीनं शिंग मारलं तरी हटला नाही. पोट भरल्यावर फुटक्या कॅनचं भोक काटकीनं बुजवलं, उरलेलं भरून घेतलं आणि देवीला हात जोडून वाटेला लागला.

पण हंजाचा नवरा जोगा पलीकडं शेरडं राखत होता. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. त्यानं तिथूनच वेलाला फोन लावला.

खंगार लंगडत मिठागरावर पोचला, तेव्हा वेला जीपच्या टपावर बसून दात काढत होता. पैज ऐकून भोवती मीठ ओढणारी माणसं जमलेली.

"कुनाची मदत घ्यायची नव्हती, बा. हंजानं पानी दिलं. दाजीनं सोता बघितलं. काजळी माझी."

खंगार मिठाच्या ढिगावर बसला. सावकाश जोडे काढले.

"म्हंजी, मी लेकीचं पानी प्यालो?"

"व्हय!"

"मोठ्यांदा बोल. हितं चार गावची मान्सं हायती. म्हन, माझा बाप लेकीच्या घागरीला लागला. मंग बघू तुझ्या पोराला कोन पोरगी देतंय."

वेलाचे दात आत गेले. तो टपावरून खाली उतरला.

"तसं न्हाई... डोनीतलं हुतं म्हनं."

"डोन कुनाची?"

"देवीची."

"देवी कुनाची सोयरी?"

"कुनाचीच न्हाई."

"मंग मला मदत कुनी केली रं?"

मीठ ओढणाऱ्यांतला एक म्हातारा मोठ्यानं हसला. "पोरा, गप सांडनी सोड. न्हाईतर घरची अब्रू जाईल."

वेलानं मिठाला लाथ मारली. "देवीनं," तो पुटपुटला. "देवीनं केली."

"मंग देवीकडनं सांडनी मागून घे जा," खंगार म्हणाला आणि जीपच्या पुढच्या जागेवर चढून बसला. "चल. तळव्याला मीठ झोंबतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं तीनदा देवाचं नाव घेतलं, पायांना चिंध्या बांधल्या, काजळीच्या नाकातली दोरी सोडवली आणि खेजडीच्या रानाकडं हाकलं तिला. गवरी मागून ओरडत होती की न्याहारी राहिली.

"आन तिकडंच!" तो म्हणाला. "जनावर उपाशी हाय."