चार घराण्यांच्या पायऱ्या

बावन्नाव्या वर्षी माझी पीएचडी अडली होती, आणि शेवटची मुदतवाढ संपायला तीन आठवडे उरले होते. सोनगीरहून एसटीने धुळ्याच्या कॉलेजात जायचं, तास घ्यायचे, घरी येऊन कॉम्प्युटरपुढे बसायचं. जेवायला वाढताना आई विचारायची, "कितला दिन चालनार शे तुनं हाई?" मी भाकरी मोडत राहायचो.

विषय वर्गात सांगायला सोपा. कॅरम बोर्डाची दोन्ही टोकं गोल केली, की स्ट्रायकर केसभर वेगळा मारला तरी चार टप्प्यांत त्याचा मार्ग पार बदलतो. हा गोंधळ. त्याच आकारात इलेक्ट्रॉन कोंडला तर त्याला असा मार्गच उरत नाही, उरतात ऊर्जेच्या पायऱ्या. पण गोंधळ तिथेही खूण ठेवतो: पायऱ्या एकमेकींना खेटत नाहीत, अंतर राखून राहतात. माझ्या पायऱ्या मात्र दोंडाईच्याच्या एसटी गाड्यांसारख्या यायच्या. तासभर एक नाही, मग दोन पाठोपाठ. चार वर्षांत प्रोग्राम तीनदा नव्याने लिहिला. शेवटी पायऱ्यांमधल्या अंतरांच्या आलेखाकडे बघायचाही वीट आला.

माझी गाईड जळगावला असते. ती माझीच जुनी विद्यार्थिनी, चौदा वर्षांनी लहान. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणतो, पण मी खोलीत शिरलो की ती अजून उठून उभी राहते. त्या दिवशी मी आलेख घेऊन तिच्याकडे गेलो. तिने तो बराच वेळ पाहिला आणि मान वर न करताच विचारलं, "सर, सिमेट्रीप्रमाणे पायऱ्या वेगळ्या काढल्या होत्या ना?"

नव्हत्या काढल्या. हा आकार डावी-उजवीकडे सारखा, वर-खालीही सारखा, म्हणून पायऱ्यांची चार घराणी पडतात. अंतर राखतात त्या एकाच घराण्यातल्या पायऱ्या. परक्या घराण्याशी त्यांना काही देणंघेणं नसतं. मी सगळ्या एकत्र केल्या होत्या. पेपर तपासणीला सगळ्या कॉलेजांचे गठ्ठे मिसळण्यात जन्म गेलेला. मिसळलं की पक्षपात नाही, हे डोक्यात पक्कं बसलेलं.

तिच्याच टेबलाशी बसून चार याद्या केल्या. अर्ध्या तासात आलेख हवा तसा, शून्यापासून वर चढत गेला; खेटलेल्या पायऱ्या जवळजवळ उरल्याच नाहीत. मला आनंद झाला नाही. रडू आलं, आणि ते थकव्याचं होतं.

तिने पाणी दिलं, प्रबंध सादर करायच्या अर्जावर सही केली. मग म्हणाली, "सर, मला पहिल्याच वर्षी शंका आली होती. पण तुम्हाला इतकं साधं कसं विचारायचं?"

मी तिला बोल लावू शकलो नाही. बारावीला ती पहिल्या बाकावर बसायची, आणि तिने हात वर केला की मीच म्हणायचो, सोप्या शंका विचारून सगळ्यांचा वेळ घालवू नकोस.