मागून हसणारी बाई

मी भांडखोर आहे. इंदिरानगरात कुणालाही विचारा. नळाला पाणी आलं नाही, कचऱ्याची गाडी आमच्या गल्लीत वळली नाही, की लोक नगरसेवकाच्या आधी माझ्या दारात. 'शैलाताई, तुम्ही लिहा, तुमचं लागतं त्यांना.' लागतंच. म्हणून तर हनीफभाईसुद्धा माझ्याकडे आले.

हनीफभाई म्हणजे आमचे पिंजारी. मूळचे सटाण्याचे, आता मुलाकडे, ओवेसकडे, वडाळा गावात राहतात. पूर्वी पिंजायची कमान खांद्यावर घेऊन गावोगाव फिरायचे. आता ओवेसनं कापूस पिंजायचं मशीन घेतलंय, पण गादीला टाके घालायला म्हातारा स्वतःच येतो. दिवाळी झाली की आमच्या गच्चीवर त्यांचा मुक्काम. माणूस अबोल. 'चहा ठेवू का?' 'ठेवा.' 'गादी फार उंच झाली का हो?' 'बसंल.' संपलं. काही वर्षांपूर्वी त्यांची बायको, खुर्शीदाभाभी, गेल्या. तेव्हापासून एवढंसुद्धा बोलणं महाग झालं.

तर यंदा हा माणूस सुई बाजूला ठेवून आपणहून माझ्यासमोर येऊन बसला आणि मोबाइल पुढे करून म्हणाला, 'ताई, हे बघा जरा.'

मोबाइलवर झुंबर अहिऱ्यांवरची डॉक्युमेंट्री होती. झुंबर अहिरे माहीत नाहीत असं घर आमच्या जिल्ह्यात सापडायचं नाही. देवळ्याच्या कांदा मार्केटात मापारी होता हा माणूस, काट्यावर गोण्या तोलायचा. आज सिनेमात, मालिकांत जिकडे तिकडे तोच. हे झालं कसं, तेच त्या डॉक्युमेंट्रीत दाखवलंय. सटाण्याला यात्रेत नाटक होतं. जज्जचं काम करणाऱ्याची मोटरसायकल घाटात बंद पडली. आता करायचं काय? तर खुर्च्या लावायला आलेल्या झुंबरला धरलं, काळा कोट चढवला आणि निकालाची चार वाक्यं घोकून घेतली. पोरानं शुद्ध मराठीत झकास सुरुवात केली. 'सर्व पुराव्यांचा विचार करता, हा मनुष्य निर्दोष...' इथं 'आहे' म्हणायचं. पण बागलाणातलं तोंड ते, ऐन वेळी घरचं बाहेर पडलं. 'हा मनुष्य निर्दोष शे!'

मांडवात एक बाई फस्सकन हसली. दुसरा कुणी असता तर आत पळाला असता. झुंबरनं चष्मा वर केला, त्या बाईकडे बघितलं आणि जज्जच्याच रुबाबात विचारलं, 'काय वं माय, नही शे का निर्दोष?' मांडव उसळला. पुढचं सगळं नाटक त्यानं अहिराणीतच रेटलं. पाहुणे म्हणून आलेले एक दिग्दर्शक पोट धरून हसले आणि त्याला सोबत मुंबईला घेऊन गेले.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्या कुणीतरी तेव्हा कॅसेट भरली होती, तीच त्यांनी डॉक्युमेंट्रीत लावलीय. चित्रात मुंग्या मुंग्या, पण आवाज लख्ख. आणि ते हसणं! आधी श्वास अडकतो, मग ठसका लागावा तसं जे सुटतं ते आवरता आवरत नाही.

'ही खुर्शीदा,' हनीफभाई म्हणाले.

मी तो तुकडा मागे घेऊन पुन्हा लावला.

'फोटो हाय तिचे. आवाज नव्हता. साधा फोन होता माझा, त्यात कुठं आवाज धरणार? ताई, विसरलो होतो मी तिचा आवाज. अंथरुणावर पडल्यावर आठवून आठवून बघायचो. ती काय काय बोलायची ते आठवायचं, आवाज नाय यायचा. आणि त्या दिवशी जेवताना सूनबाईनं, तरन्नुमनं, हे लावलं. घास हातातच राहिला माझा.'

मग त्यांनी बोटानं स्क्रीन खाली सरकवली. खाली लोकांची मतं. हजारोंनी. 'झुंबर सर ग्रेट!' 'मातीतला माणूस.' हे ठीक. पण त्यामध्येच, 'ती मागून खिंकाळणारी बाई कोण आहे यार, हेडफोन काढून फेकला.' 'भाड्यानं आणलेली दिसते, एवढं कुणी हसतं का?' 'छान सीनची वाट लावली. प्लीज ते हसणं काढा.' आणि या सगळ्यांना डॉक्युमेंट्रीवाल्यांचं नम्र उत्तर: 'सूचनेबद्दल आभार. रविवारी सुधारित आवृत्ती टाकत आहोत, त्यात हा आवाज काढलेला असेल.'

माझं डोकं फिरलं. तरी म्हटलं, 'हनीफभाई, तुम्ही काळजी करू नका. ओवेसला सांगा, तेवढा तुकडा मोबाइलमध्ये काढून ठेवेल.'

'ठेवलाय त्यानं. ते नाय ताई.' एवढं बोलायची सवयच नाही त्यांना. 'जन्मभर ती तोंडावर पदर धरून हसली. घरात चार माणसं आली की हसायला आत जायची. त्या एका दिवशी चारचौघांत हसली, मोकळी. आता तिथून पण उठवून लावताहेत तिला. तेवढं नका होऊ देऊ.'

मी लगेच लिहायला बसले. असं झणझणीत लिहिलं म्हणता! 'ही भाड्याची बाई नाही. खुर्शीदा हनीफ पिंजारी, राहणार सटाणा. ती हसली नसती तर तुमचे सर आजही कांदे तोलत असते. लाज असेल तर हात लावून दाखवा.' हनीफभाईंना वाचून दाखवलं तर म्हणाले, 'झुंबरभाऊला नका बोलू. त्यानं काय केलंय?' म्हटलं, बरं, मग तुम्ही सांगा, मी लिहिते. त्यांनी सांगितलं, 'ती माझी बायको होती. राहू द्या तिला.' एवढंच.

दोन्ही टाकलं, माझं माझ्या नावानं, त्यांचं त्यांच्या. माझ्याखाली लोकांनी 'काकू, शांत व्हा, बीपी वाढेल' असं सुरू केलं. मी एकेकाला उत्तर देत बसले, त्यात कुकरचं पाणी आटून भात करपला, तो वेगळाच. हनीफभाईंच्या त्या दोन वाक्यांखाली मात्र दुपारपर्यंत नुसती रांग लागली. 'बाबा, माफ करा.' 'माझी आई अशीच हसायची.' हेडफोन फेकणारासुद्धा येऊन लिहून गेला, 'सॉरी चाचा, आता मुद्दाम तेवढंच ऐकतोय.'

शनिवारी हनीफभाईंच्या मोबाइलवर फोन आला. डॉक्युमेंट्रीचं संकलन करणारी दीपमाला नावाची मुलगी होती. म्हणाली, 'आवाज राहणार, काका. नावही टाकतोय त्यांचं. आणि एक. आम्ही ते हसणं मध्येच कापलं होतं. मूळ कॅसेटमध्ये पुढे त्या काही बोलल्यात, शेजारी बसलेल्या कुणाशी तरी. तुम्हाला पाठवते.'

शेजारी कोण असणार?

तुकडा आला तेव्हा आम्ही गच्चीवर होतो. खुर्शीदाभाभी हसताहेत, हसताहेत. मग एक पुरुषी आवाज, दबका, चिडका. 'चूप बैस वं. लोके देखी राह्यनात.' तो आवाज हनीफभाईंचा, मी लगेच ओळखला. त्यावर भाभी, हसता हसताच, 'देखू दे ना. तू बी हास ना.'

मग मांडवाचा गलबला, आणि संपलं.

हनीफभाईंनी पुन्हा लावलं. पुन्हा. चौथ्यांदा मोबाइल माझ्या कानाशी धरला आणि विचारलं, 'ताई, तुमचे कान चांगले हाय. ती बोलल्यावर... मी हसलो का?'

मी जीव लावून ऐकलं. खुर्च्यांची खडखड, शिट्ट्या, कुणाचं तरी पोर रडतंय. त्यांचं हसणं कुठेच नव्हतं. आणि आयुष्यात कुणाची भीड न ठेवलेली मी म्हणाले, 'हो, हसलात की. बारीक येतोय आवाज.'

'नाय हसलो,' ते म्हणाले. 'तुम्ही कधी एवढ्या गोड बोलता का, ताई?'

मी डोळ्यांना पदर लावला आणि दुसरीकडे बघत राहिले. त्यांनी पाचव्यांदा तुकडा लावला. भाभी म्हणाल्या, 'तू बी हास ना,' आणि त्या अर्धवट भरलेल्या गादीवर बसून हनीफभाई मोबाइलला म्हणाले, 'हासस ना. हासस.'

हसतो म्हणाले, पण हसायला त्यांना जमेना.