अंबुबाईचं पोतं

सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या आमच्या बोळात नागपंचमीच्या आदल्या दिवशी अंबुबाई पोतं घेऊन फिरायची. दारात उभी राहायची आणि म्हणायची, "विळी टाका." विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, जे जे कापतं ते सगळं त्या पोत्यात जायचं. पंचमीला चिरायचं नाही, कापायचं नाही, हे कोणाला ठाऊक नाही? पण ठाऊक असणं निराळं आणि अंबुबाई असणं निराळं. आमच्या मामंजींनी एकदा अडकित्ता कनवटीला लपवला, तर ही त्यांच्यापुढं हात पसरून उभी राहिली. "काढा की. नागोबाला दिसतंय." मामंजींनी मुकाट्यानं काढून दिला. गोऱ्यांनी तीस साली सोलापुरात लावलेला मार्शल लॉ महिना-दीड महिन्यात उठला. अंबुबाईचा दर श्रावणात लागायचा.

बाई माळशिरसकडची, मेंढरांमागं वाढलेली. लग्नाच्या पहिल्याच वर्षी नवऱ्यानं पंचमीच्या दिवशी रानात कुदळ घातली आणि वारुळातला नाग मेला. तेव्हापासून घरात दूध नासलं तरी दोष त्या कुदळीचा. नवरा सोलापूरच्या गिरणीत लागला, तिथंच खोकून खोकून गेला, तेही कुदळीमुळंच. मग मुलगा ज्ञानबा गिरणीत लागला, त्याचं लग्न झालं, पण सुनेची, मायाक्काची, कूस काही उजवेना. अंबुबाई तिला कधी टाकून बोलली नाही, हे मात्र खरं. कुदळीलाच शिव्या द्यायची.

मार्शल लॉच्या पुढच्या साली मायाक्काला दिवस गेले आणि आमच्या बोळाला कळलं की अंबुबाईनं नवस बोललेला आहे. सुनेला पोटुशी असतानाच पंचमीला नागोबाच्या पायावर घालायची आणि नातू मागायचा. देऊळ कुठं, तर अक्कलकोटच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या शिवेवर. निम्मी वाट आगगाडी, पुढं बैलगाडी. पंचमी आली तेव्हा मायाक्काला तर नववा लागलेला. बोळातली सुईण गोजरबाई म्हणाली, "बैलगाडीचं हिसकं सोसायचं न्हाईत तिला."

"ज्यानं दिलंय त्योच सांभाळील," अंबुबाई म्हणाली.

"मग सुईणपणबी त्यालाच करू दे," असं म्हणत गोजरबाईनं आपलं गाठोडं बांधलं आणि आमच्याबरोबर निघाली. मी निघाले कारण सासूच्या तावडीतून एक दिवस सुटका होत होती. उगाच भक्तीचा आव कशाला आणू?

पोतंही निघालं. मागं ठेवलं तर बोळ चोरेल, अशी अंबुबाईची खात्री. आत गोजरबाईचा नाळ कापायचा विळासुद्धा होता. "आज त्याचं काय काम?" असं म्हणून तो अंबुबाईनं तिच्या गाठोड्यातून काढून घेतला होता. आगगाडीत तिकीट मास्तरनं विचारलं, "पोत्यात काय आहे?" अंबुबाई म्हणाली, "पाप." तो बिचारा पुढच्या डब्यात गेला.

देव म्हणजे छातीएवढं वारूळ, त्यावर पत्र्याचं छप्पर. नागोबा कोणी पाहिलेला नव्हता, मुंग्या मात्र चांगल्या धष्टपुष्ट होत्या. पुजारी संगप्पा निम्मं दूध वारुळावर ओतायचा आणि निम्मं आपल्या घागरीत. देवाला सगळं सोसत नाही म्हणायचा. आम्ही रांगेत उभ्या होतो आणि मायाक्कानं माझा हात घट्ट धरला. तिला कळा सुरू झाल्या होत्या.

देवळामागच्या अंधाऱ्या धर्मशाळेत तिला निजवलं. अंबुबाई पोत्यावर बसली, नागोबाचा जप करत. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि गोजरबाईनं गळ्याशी बोट घालून पाहिलं. नाळेचे दोन वेढे बाळाच्या गळ्याला आवळून बसले होते. ते सैल होईनात. तोंड काळंनिळं पडत चाललं होतं.

दिवा धरलेली गावची कानडी बाई त्या वेढ्यांकडं बघून म्हणाली, "नागप्पा," आणि तिनं दिवा खाली ठेवून हात जोडले. तिच्यामागं दारातल्या बायकांनी जोडले. बाहेर बातमी पोचायला कितीसा वेळ लागणार? संगप्पा बाहेरूनच ओरडला, "साक्षात देव आलाय. आज त्याला लोखंड लागलं तर वाटोळं होईल." अंबुबाईनंही हात जोडलेले मी पाहिले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"हात काय जोडताय?" गोजरबाई म्हणाली. "माझा विळा द्या. लेकरू चाललं."

अंबुबाई हलली नाही. त्या दिवशी त्या अख्ख्या गावात पातं म्हणून बाहेर नव्हतं. होतं ते तिच्या बुडाखाली. तिला कुदळ दिसत असणार, दुसरं काय.

"आत्याबाई," मायाक्का कशीबशी बोलली, "माझं लेकरू."

अंबुबाई उठली. पोत्याची गाठ तिनंच मारलेली, आम्हाला सुटू नये अशी. ती तिलाही सुटेना. तिनं ती दातात धरून ओढली आणि पोतं उलटं केलं. बोळातल्या साऱ्या विळ्या, कात्र्या खणखणत फरशीवर पडल्या. मामंजींचा अडकित्ताही पडला. गोजरबाईनं नाळेला दोन जागी दोरा आवळला आणि विळ्याला हात घातला.

"तू नको," अंबुबाई म्हणाली. "पयलं पाप माज्याच घरचं हाय. ह्येबी माज्याच माथी ऱ्हाऊ दे." आणि तिनं नाळ कापली.

गोजरबाईनं वेढे काढले, बाळ ओढून घेतलं, उलटं धरलं, पाठीवर थापटलं. काही नाही. पुन्हा थापटलं. मग ते रडलं.

"पोरगी हाय," गोजरबाई भीतभीत म्हणाली. नवस नातवाचा होता ना.

"रडती हाय न्हवं? मग बास." एवढं बोलून अंबुबाई त्या विळ्यांच्या राड्यात फतकल मारून बसली आणि स्वतःच रडायला लागली. मलाही रडू आलं, मी कशाला नाकारू.

संध्याकाळपर्यंत संगप्पानं धर्मशाळेच्या उंबऱ्याला हळदकुंकू वाहून पुढं ताट ठेवलं होतं. नागप्पानं पोरीला मिठी मारली आणि आपण होऊन सोडली, असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता. विळ्याचं नाव नाही.

पुढच्या पंचमीला मला वाटलं, सुटलो बाई. कसलं काय? आदल्या दिवशी अंबुबाई दारात हजर. कडेवर नात, हातात पोतं.

"मावशी," मी म्हटलं, "आणि ती नाळ?"

"ती म्यां कापली. देव माजं काय करायचं त्ये करील. तू विळी टाक."

मी टाकली. ती शेजारी गोजरबाईच्या दारात गेली. गोजरबाई विळा घेऊन उभीच होती. अंबुबाईनं तो घेतला, पदरानं पुसला आणि परत तिच्या हातात दिला.

"ह्यो ऱ्हाऊ दे भाईर," ती म्हणाली, आणि पोतं ओढत पुढच्या दाराशी गेली.