उसाआडचं नेट

आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मीच. इलेक्ट्रॉनिक्स घेतलं, पहिल्या वर्गात पास झाले, आणि हे सांगताना मी मान खाली घालत नाही. गावोगाव वायरलेस इंटरनेट पोचवणाऱ्या एका ठेकेदाराकडं काम मिळालं आणि पहिल्याच झपाट्यात वसमतजवळचं, हट्ट्याकडचं आमचं गाव आलं. शाळेच्या छतावर पाइप, पाइपावर अँटेनाची ताटली, ताटलीचं तोंड लांबच्या टॉवरकडं. झालं नेट.

तेव्हा नुकतीच उसाची तोड झालेली, रान मोकळं. नेट असं धावलं की वहिनीनं त्याच आठवड्यात शिक्षक भरतीचा ऑनलाइन क्लास लावला. पदरी तान्हं लेकरू, वसमतला जाऊन शिकणं शक्य नव्हतं. माय म्हणाली, "घरी बसून शिकती तं शिकू द्या. पण एकडाव. या परीक्षेत न्हाई झालं तं पुन्हा नाव काढायचं न्हाई." वहिनी "व्हय" म्हणाली.

मला धास्ती टॉवरच्या वाटेतल्या, शाळेमागच्या चढाच्या रानाची. ताटली बसवायच्या आधीच मी ठेकेदाराच्या ऑफिसातल्या साहेबांना म्हणाले होते, "सर, पावसाळ्यात इथं ऊस उभा राहतो. पाइप वाढवा."

साहेबांनी लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. नकाशावर शाळेपासून टॉवरपर्यंत हिरवी रेघ. "मॅडम, मधे डोंगर आहे? बिल्डिंग आहे? मग लाइन क्लिअर."

"ऊस आहे, सर."

"ऊस म्हणजे गवत. जरा थिअरी वाचा."

थिअरी मी वाचली होती. नेटची लहर दोरीसारखी जात नाही. तिला मधे पोट असतं, आणि त्या पोटालाही मोकळी जागा लागते. ओलं पान लहर पिऊन टाकतं. हे सगळं पुस्तकातच आहे. साहेबांनी पुस्तक डोंगरापर्यंतच वाचलं होतं.

पोळ्याच्या सुमारास क्लासमधले सर पडद्यावर फळ्याकडं हात करून तसेच गोठायला लागले. "ताई, आज बी सर अडकले," वहिनी सांगायची आणि अर्धं वाक्य वहीत तसंच सोडायची. उसाचे मालक, आमचे शेजारचे काका, पारावर मला हाक मारून म्हणाले, "काहून गं इंजिनेर, उसाला एक कांडी चढली की तुह्या मोबाइलची एक कांडी उतरती. दोघायची नाळ एकच हाय का?"

पार हसला. मीही हसले, कारण बराबर बोलले होते. मग विचारलं, "काका, ताटलीसमोरचा तेवढा पट्टा कापता का?"

"कारखान्याची टोळी येईल तवा कापंल. आत्ताच कापून बैलाला घालू व्हय?"

त्यांचंही चूक नव्हतं. मी पाइपाला बांबू जोडून ताटली वर नेली. वाऱ्यानं तिचं तोंड फिरलं आणि होतं तेही नेट गेलं. ऑफिसातून निरोप आला, मंजूर उंचीला हात लावू नका. ताटली परत खाली आणली.

वहिनी लेकरू कडेवर घेऊन माळावर जायला लागली. तिथं मोबाइलची एखादी कांडी मिळायची. ऊन लागून लेकरू तापलं तेव्हा माय म्हणाली, "आता काय पोर वाळवून मास्तरीण व्हती का?" माळ बंद झाला. परीक्षा झाली, निकाल लागला, यादीत वहिनी नव्हती. मायनं दिलेला 'एकडाव' संपला होता. बोलायचं ते आधीच ठरलं होतं. वहिनीनं मोबाइलमधून क्लास काढून टाकला. म्हणाली, "जागा खाऊन राहिला व्हता."

तोड त्यानंतर आली.

मार्चात साहेब पाहणीला आले. उघड्या रानाकडं तोंड करून त्यांनी वेग मोजला आणि खूश झाले. "बघा मॅडम, आता फील्डवर उभं राहून सांगतोय. लिंक उत्तम."

"सर, सप्टेंबरात या."

"रिपोर्ट मार्चचाच लागतो."

शाळेमागं तोडलेल्या उसाच्या खोडव्याला नवे कोंब फुटले होते. ते मी त्यांना दाखवले. त्यांनी "छान" म्हटलं.

आमच्या घरी चहाला आले तेव्हा वहिनीला विचारलं, "काय ताई, नेट कसं चालतं?"

"चांगलं चालतं, सर."

त्यांनी ते लिहून घेतलं. गाडी गेल्यावर मी म्हणाले, "वहिनी, काहून खोटं बोललात?"

"खोटं कुठं, ताई?" तिनं कपबश्या उचलल्या. "आज चालूनच राहिलंय की."